रानतुळस कोणती?

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत आमच्या वऱ्हाडात घरोघरी तुळशीची लग्ने लागतात. उसाचा मांडव, आवळे, चिंचा, बोरे, अंतरपाट, मंगलाष्टके असा सारा थाट असतो. परंतु वधू म्हणून जी उभी असते तिच्याकडे वनस्पती या नात्याने पाहणारा मनुष्य त्या मांडवात क्वचितच आढळतो. पूजेच्या वस्तूकडे चिकित्सक दृष्टीने पाहिले असता श्रद्धेस बाध येतो, अशी आपल्यापैकी कित्येकांची समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाही. घरच्या मुलीचे लग्न ठरविताना आपण चार पिढ्यांची चौकशी करतो. मग तुळशीच्या लग्नात तिच्या सख्ख्या बहिणी कोणत्या आणि तिचे नाव लावून मिरविणाऱ्या परक्या कोणत्या, एवढी तरी विचारपूस करावयास काय हरकत आहे?

आम्ही शाळेत शिकवीत असताना अमरकोशातील वनौषधिवर्ग आला म्हणजे मुलांस नुसते पाठांतर करू देत नसू. पर्णास, कठिंजर, कुठेरक ही नावे आली, आणि त्यांतील पांढऱ्या जातीस अर्जक म्हणतात असे कळले, की दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या आसपासच्या तुळशीची एकेक डहाळी आणावी, असा आमचा शिरस्ता असे. एका वर्षी अकोल्याजवळच्या एका गावी टेबलावर चाळीसएक डहाळ्या जमल्या. वास घेऊन व फुले पाहून त्यांची वाटणी केली, तो पाच ढीग झाले. पहिला आणि सर्वांत मोठा ढीग घरच्या तुळशीचा. त्यात हिरवी व काळसर अशा दोन्ही रंगांच्या डहाळ्या होत्या. दुसरा सब्ज्याचा. तिसऱ्यात एकच डहाळी, एका जुन्या वाड्याच्या परसातील रामतुळशीची. राहिलेले दोन ढीग 'रानतुळस' म्हणून आणलेले. आणणारी मुले एकाच गावची, नाव एकच, पण झाडे अगदी निराळी! एक हातभर उंचीचे, बारीक पानांचे, पांढऱ्या फुलांचे. दुसरे माणसाच्या छातीपर्यंत वाढणारे, रुंद पानांचे, जांभळट निळ्या फुलांचे. मुलांस विचारले तर दोघेही हटून बसले, की आमचीच खरी. पुढे त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांस विचारले. त्यांचेही उत्तर तेच.

हा भेद समजण्यास आधी कुळाची ओळख हवी. शास्त्रज्ञ ज्यास पूर्वी लॅबिएटी म्हणत आणि आता लॅमिएसी म्हणतात, त्यास मराठीत तुलसी कुल असे नाव आहे. लॅबिएटी हा शब्द ओठ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला; कारण या कुळातील बहुतेक फुलांस वरचा व खालचा असे दोन ओठ असतात. खोड चौकोनी असते. ते डोळ्यांनी दिसले नाही तर दोन बोटांत फिरवून पाहावे, कोपरे लागतात. पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करून बसते. एका फुलापोटी चार बारीक बिया धरतात. पानावर सूक्ष्म तैलग्रंथी असतात. पान चुरगळले की त्या फुटतात, म्हणून वास येतो. पुदिना, मरवा, भज्यांसाठी लावतात ते ओव्याच्या वासाचे जाड पान, पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचे गेंद धरणारा तुंबा, काटेरी चेंडूंची उतरंड रचणारी दीपमाळ, ही सर्व याच कुळातली. दवणा मात्र नव्हे. चैत्रात देवाला मरवा आणि दवणा एकत्र वाहतात म्हणून त्यांस भाऊ मानण्याचा प्रघात आहे, पण दवण्याचे नाते शेवंतीशी आहे.

या मोठ्या कुळात तुळशीचे स्वतःचे घर लहान आहे. त्या घरास ऑसिमम म्हणतात. सुवासिक वनस्पतीच्या एका जुन्या ग्रीक नावावरून हा शब्द घेतला आहे. स्वीडनचा पंडित लिनिअस याने १७५३ साली आपल्या तुळशीचे नाव 'नाजूक फुलांची' या अर्थाने टेन्युइफ्लोरम असे ठेविले. पुढे १७६७ साली त्यानेच तिला सँक्टम, म्हणजे पवित्र, असे दुसरे नाव दिले. एकाच वनस्पतीस दोन नावे पडल्यास आधीचे ग्राह्य धरावे, असा त्या शास्त्राचा दंडक असल्यामुळे आज ग्रंथांतून 'पवित्र' हे विशेषण गेले व 'नाजूक फुलांची' एवढेच उरले आहे. औषधांच्या बाटल्यांवर व जुन्या पुस्तकांत मात्र अजून सँक्टमच छापलेले आढळते. दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी बहीण सब्जा. हिची पाने गुळगुळीत व तकतकीत, फुले तुळशीहून मोठी व पांढरी किंवा किंचित गुलाबी. काळे बी पाण्यात टाकले की क्षणात त्याभोवती बुळबुळीत आवरण फुगते. वैशाखात सरबतात घालतो तेच हे. तिसरी रामतुळस, ही झुडूपच होते, पुरुषभर उंच, पाने रुंद आणि वास लवंगेच्या अंगाचा. येथे एक घोटाळा सांगून ठेवला पाहिजे. जुन्या मराठी वनस्पतिग्रंथांत रामतुळस म्हणजे ही. पण हल्ली रोपवाटिकेत रामतुळस मागितली तर घरच्या तुळशीचीच हिरवी जात हाती देतात, आणि काळसर जातीस कृष्णतुळस म्हणतात. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे, परंतु गिऱ्हाइकाची फजिती ठरलेली. चौथी कापूरतुळस, मूळची पूर्व आफ्रिकेतील; तिच्या पानांतून कापूर निघतो.

आता त्या दोन ढिगांकडे वळू. बारीक पानांची, पांढऱ्या फुलांची जी पहिली, ती तुळशीच्या खऱ्या बहिणींपैकी पाचवी. हिला लिनिअसने १७५५ साली अमेरिकानम, म्हणजे अमेरिकेची, असे विशेषण दिले. वस्तुतः ही आफ्रिका व आशिया या खंडांची. नावाने अमेरिकन, जन्माने आपल्याच भागातली. आणि दुसरी जी उंच, जांभळट फुलांची, ती ऑसिमम नव्हेच. तिचे नाव हिप्टिस. अलीकडच्या ग्रंथांत मेसोस्फेरम म्हणतात. कुळ तेच, पण घर दुसरे. ही उष्ण अमेरिकेतून आली आणि आज भारतभर पडीत जमिनी, रस्त्यांच्या कडा, रेल्वेचे बांध व जंगलांतील मोकळ्या जागा व्यापून बसली आहे. हिंदी मुलखात हिला विलायती तुलसी म्हणतात, ते नाव निदान प्रामाणिक आहे. आपल्याकडे मात्र जिला ग्रंथकारांनी अमेरिकेची म्हटले ती घरची निघावी, आणि जिला आपण रानतुळस म्हणून जवळ करतो ती खरोखरीची अमेरिकेची निघावी, हा विनोद कोणाच्या लक्षातच येत नाही.

विनोदावर हे भागत नाही. आमच्या माहितीतील एका घरी लहान मुलास खोकला झाला. आजेसासूबाईंनी सांगितले, रानतुळशीचा काढा द्या. गड्याने वाटेवरून मोळीभर पाला आणला. घरच्या सुनेने तो आले-मिऱ्यांसह उकळला. काढा इतका उग्र झाला की मुलाने पहिल्याच घोटाला ओकारी काढली. सुदैवाने यापलीकडे काही झाले नाही. आजेसासूबाईंचे सांगणे त्यांच्या काळापुरते बरोबर होते; त्यांच्या मनातली रानतुळस ती लहान, पांढऱ्या फुलांची. गड्याचेही चुकले नाही. त्याच्या पिढीने रानतुळस म्हणून दुसरीच पाहिली आहे. शब्द तोच राहिला, त्यामागची वस्तू बदलली, आणि मधल्या मध्ये मुलाच्या पोटात भलताच रस गेला. वैद्यकात असे होणे ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून खुणा नीट सांगतो. खऱ्या रानतुळशीची फुले डहाळीच्या शेंड्याला मंजिरीत येतात, तुळशीसारखीच, फेऱ्या-फेऱ्यांनी. विलायती तुळशीची फुले पानांच्या बगलेत लहान झुपक्यांनी येतात, शेंड्याला एकच एक सुबक मंजिरी दिसत नाही. खऱ्या रानतुळशीच्या फुलाखालच्या पेल्याची वरची पाकळी गोल व रुंद असून झाकणासारखी असते. विलायतीच्या पेल्यास उभ्या शिरा असून वर पाच ताठ टोके असतात. ही टोके वाळल्यावर धोतरास, लुगड्यास, जनावरांच्या केसांस चिकटतात आणि बी गावोगाव जाते. तिसरी खूण वासाची. रानतुळशीचा वास तीक्ष्ण पण स्वच्छ असतो. विलायतीचा पुदिन्यासारखा सुरू होऊन डोक्यात भिनतो. तिच्या शास्त्रीय नावातील विशेषणाचा अर्थ 'सुगंधी' असा आहे. ते नाव देणाऱ्याच्या नाकाविषयी आम्ही काही बोलत नाही. बियांवरून मात्र कोणी निर्णय करू नये, कारण तिचे बीही सब्ज्यासारखे पाण्यात फुगते. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, म्हणून गायरानात ती एकदा शिरली की गवताची जागा खात जाते.

आमच्या पूर्वजांस या जातींतील भेदाचे भान होते. सुश्रुताने तर सुरसादि गण म्हणून या सुगंधी वनस्पतींचा एक स्वतंत्र वर्गच केला. त्यात सुरसा, श्वेतसुरसा, फणिज्झक, अर्जक अशी नावे वेगवेगळी येतात. फणिज्झक म्हणजे मरवा असे बहुतेक टीकाकार मानतात. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात तुळस व बर्बरी यांची प्रकरणे निराळी ठेविली आहेत. बर्बरी म्हणजे सब्जा. तुळशीच्या पांढऱ्या व काळ्या दोन्ही जाती गुणांनी सारख्याच, असेही तो म्हणतो. तेव्हा काळीच औषधी आणि हिरवी केवळ पूजेची, या हल्लीच्या बोलण्यास त्या ग्रंथाचा आधार नाही. संस्कृत नावे तरी किती बोलकी! बहुमंजरी म्हटले की झाड डोळ्यांपुढे उभे राहते. सुलभा म्हणजे सहज मिळणारी. आणि अपेतराक्षसी म्हणजे जिच्यामुळे राक्षसी दूर जातात ती. यांतले सुलभा हे नाव आता किती दिवस खरे राहील, याची आम्हांस शंका वाटते.

वऱ्हाडच्या मनुष्याने तुळशीविषयी उदासीन असावे, हे तर मुळीच शोभत नाही. रुक्मिणी ही विदर्भाची राजकन्या. वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्यात, कौंडण्यपूर हे तिचे माहेर मानतात, आणि तेथून आषाढीला पंढरपुरास पालखी जाते. श्रीकृष्णाच्या तुलेची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे; सत्यभामेचे दागिने अपुरे पडले आणि रुक्मिणीने वाहिलेल्या एका तुळशीपत्राने पारडे समतोल झाले. कथेचा अर्थ भक्तीचा, हे उघड आहे. पण आमच्यासारख्या मास्तरास उगीच वाटते, की ते पान तोडणाऱ्या विदर्भकन्येस तुळस कोणती आणि सब्जा कोणता हे खचित ठाऊक असले पाहिजे.

असो. आता वृंदावनाच्या व्यवस्थेविषयी थोडे, कारण येथे आमच्या प्रांताची अडचण विशेष आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा जातो, तेथील विहिरींचे पाणी खारे. दर्यापूरकडील पुष्कळ घरांतून आम्ही अशी तक्रार ऐकिली आहे की, रोप लावले की दोन महिन्यांत पानांच्या कडा करपतात आणि मग झाड खंगते. यास दृष्ट किंवा विटाळ कारण नाही. बंद वृंदावनात खारे पाणी रोज पडते, पाणी उडून जाते आणि क्षार मातीत साचत राहतो. वृंदावनास खाली भोक ठेवावे, पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी तुळशीस भरपूर मिळू द्यावे म्हणजे साचलेला क्षार धुऊन निघतो, आणि एकाआड एक वर्षाने माती बदलावी. नुसती काळी माती तर भरूच नये. आपली काळी कापसास कितीही उत्तम असली तरी ती पाणी धरून ठेवते आणि तुळशीची मुळे श्रावणात कुजतात. तिच्यात निम्मी रेती व कुजलेले शेणखत मिसळावे.

वैशाखातली अडचण याच्या उलट. अकोल्यास पारा ४५ अंशांवर चढतो तेव्हा सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत टिकत नाही. आपल्या वडिलांनी यावर गळतीचा उपाय योजिला होता. महादेवाच्या पिंडीवर टांगतात तशीच छिद्राची घागर तुळशीवर टांगून थेंब थेंब पाणी पडू द्यावयाचे. धर्मशास्त्रात तिला गलंतिका म्हणतात. हल्ली शेतातून नळ्या पसरून ठिबकाने पाणी देण्याचे जे कौतुक चालते, त्याचे तत्त्व या घागरीत आहे. अमरावतीच्या नव्या वस्त्यांतून, जेथे वृंदावन जाऊन सज्जातली कुंडी आली, तेथे पश्चिमेच्या उन्हात कुंडी तापून मुळे भाजतात. एका कुंडीत दुसरी ठेवून मधे ओली रेती भरावी. मंजिऱ्या वेळेवर खुडण्याची जुनी रीतही सकारण आहे. बी धरण्यात झाडाची शक्ती खर्च होते. मंजिरी खुडली की नवे धुमारे फुटतात, आणि झाड दोन-तीन वर्षे टिकते. दोन-चार मंजिऱ्या मात्र बियांसाठी राखाव्या. द्वादशीस आणि सूर्यास्तानंतर पाने तोडू नयेत, या नियमाने झाडास विसावा मिळतो, हे उगीच नव्हे.

याच ओघात एका अफवेचा समाचार घेतला पाहिजे, कारण ती सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. तुळस रात्रीसुद्धा प्राणवायू सोडते, असे कोणी तरी कोठे तरी सांगितले आणि ते तोंडोतोंडी पसरले. हे खरे नाही. हिरवे पान प्राणवायू सोडते ते उजेडाच्या साहाय्याने. अंधारात प्रत्येक झाड आपल्यासारखाच श्वासोच्छ्वास करते, आणि तुळस त्यास अपवाद नाही. तिच्या ठायी जे आहे ते काय थोडे आहे? तिच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य पुष्कळ असते. लवंगेच्या तेलातही तेच मुख्य. दाढ दुखली की लवंग आणि घसा धरला की तुळस, या दोन घरगुती उपायांचे मूळ असे एकाच जागी मिळते. सब्ज्याच्या तेलातील द्रव्ये वेगळी, कापूरतुळशीची त्याहून वेगळी. म्हणूनच काढ्यात एकीच्या जागी दुसरी चालत नाही. खऱ्या गुणांवर खोट्याची पुटे चढविली म्हणजे एके दिवशी मुले दोन्ही पुसून टाकतात, असा आमचा अध्यापनातला अनुभव आहे.

खरी रानतुळस आम्ही लहानपणी पाहिली ती वावरांच्या धुऱ्यांवर. पऱ्हाटीची डवरणी व निंदण करताना बाया ती उपटीत नसत. धुऱ्यावर असली म्हणजे कोणाच्या वाटेत येत नसे, आणि दुपारी शिदोरी सोडताना हात पुसावयास चार पाने उपयोगी पडत. आता निंदणाऐवजी तणनाशक फवारण्याचा प्रघात पडला आहे. फवारा धुरा आणि तास असा भेद करीत नाही. गेल्या काही वर्षांत, भाद्रपद-आश्विनात फिरावयास जातो तेव्हा, जेथे पूर्वी दर दहा पावलांस ती दिसे तेथे मैलभर चालूनही एखादेच झाड आढळते; रस्त्याच्या कडेची विलायती मात्र दरवर्षी दाट होत आहे. हे आमच्या पाहण्यातल्या दोन-चार गावांपुरते आहे. इतर ठिकाणी काय स्थिती आहे ते त्या त्या वाचकांनी आपल्या शिवारात पाहावे. पाहण्यास साधने नाहीत असे नव्हे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९८८ साली कांबळे व प्रधान यांचा अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. त्या वेळी वाशीम अकोल्यातच होते, ते १९९८ साली वेगळे झाले. ग्रंथ इंग्रजीत असला तरी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलास अवघड नाही. शिवाय अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. औषधी वनस्पतींची ओळख जाणत्यांकडून करून घेण्यास ते योग्य स्थळ होय.

धुऱ्यावर एखादे खरे झाड आढळलेच, तर उपटून आणू नये. आलेले रोप बहुधा जगत नाही आणि धुऱ्यावरचेही जाते. मंजिऱ्या खालून तपकिरी होऊ लागल्या, म्हणजे साधारण मार्गशीर्षाच्या सुमारास, दोन मंजिऱ्या कागदावर झटकून घ्याव्या. बी काळे व मोहरीहूनही लहान असते. ते सावलीत वाळवून पुडीत बांधावे आणि पुडीवर गावाचे व शेताचे नाव लिहावे. मृगाचा पाऊस पडल्यावर रेतीमिश्रित मातीच्या पसरट कुंडीत पेरावे. खोल पुरू नये. वर चिमूटभर बारीक माती भुरभुरावी, आणि रोपे चार पानांवर येईपर्यंत पाणी झारीने न ओतता हातानेच शिंपडावे.